ॲसिटिलीनचे कोपॉलिमर: वाहकता न गमावता पॉलिॲसिटिलीन सुधारायचे कसे?

साखळीदुवा (धागाकर्ता)

नमस्कार. पॉलिॲसिटिलीनच्या, म्हणजे ॲसिटिलीनचे रेणू जोडून झालेल्या पॉलिमरच्या, साखळीत दुसरा मोनोमर (साखळीचा सुटा घटक) गुंफून, म्हणजे कोपॉलिमर करून, त्याचे दोष कमी करण्याबद्दल मराठीत एका जागी तपशीलवार चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढतो आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. नाट्टा यांनी १९५८ मध्ये ॲसिटिलीनचे पॉलिमर केले ते काळ्या भुकटीच्या रूपात. १९६७ मध्ये शिराकावांच्या टोकियोतील प्रयोगशाळेत टायटॅनियमचा उत्प्रेरक नेहमीच्या हजारपट पडला आणि भुकटीऐवजी धातूसारखी चकाकणारी फिल्म मिळाली. १९७७ मध्ये मॅकडायार्मिड, हीगर आणि शिराकावा यांनी या फिल्मला हॅलोजनची वाफ दिली (यालाच डोपिंग म्हणतात), की तिची वाहकता दशलक्षावधी पटींनी वाढते हे दाखवले. या कामाला २००० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे १९८७ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीतील नारमान आणि थिओफिलू यांनी ताणलेल्या फिल्मची वाहकता १ लाख सीमेन्स/सेंमीच्या वर नेली. तांब्याची साधारण ५.९ लाख आहे, म्हणजे अंतर फार उरले नव्हते.

तरीही हे पॉलिमर कशात विरघळत नाही, तापवले तर वितळत नाही आणि हवेत ठेवले की काही दिवसांत ठिसूळ होते. त्यावर कोपॉलिमर हा उपाय नेहमी सुचवला जातो. माझे तीन प्रश्न आहेत. दुसरा मोनोमर कोणता घ्यावा? त्याच टायटॅनियम उत्प्रेरकाने तो साखळीत जातो का? आणि हाती आले ते खरोखर कोपॉलिमर आहे की दोन पॉलिमरांचे मिश्रण, हे ओळखायचे कसे? सध्या डोक्यात फिनाइलॲसिटिलीन आणि प्रोपाइन, म्हणजे मेथिलॲसिटिलीन, हे दोन उमेदवार आहेत.

पायमेघ

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावर ठरते.

पर्यायी द्विबंधांची साखळी सपाट असेल तरच शेजारच्या कार्बनांचे पी-कक्षक (द्विबंधाचे इलेक्ट्रॉन जिथे असतात ते) एकमेकांवर नीट पडतात. दोन एककांमधल्या बंधाला पीळ बसला की हे जुळणे पिळाच्या कोनाच्या कोसाइनप्रमाणे घटते. ३० अंशांना ०.८७ उरते, ६० अंशांना निम्मे. प्रोपाइनचा मेथिल गट छोटा दिसतो, पण एक कार्बन सोडून असलेल्या हायड्रोजनवर तो आदळतो आणि कणा पिळतो. फिनाइलने हे आणखी वाढते.

टोकाचे उदाहरण पॉलि(ट्रायमेथिलसिलिल प्रोपाइन)चे. मासुदा आणि हिगाशिमुरा यांनी १९८३ मध्ये टँटॅलम आणि नायोबियमच्या क्लोराइडांनी ते केले. कण्यात एकाआड एक द्विबंध आहेत, टोल्यूइनमध्ये सहज विरघळते, हवेत उत्तम टिकते आणि त्यातून वायू फार वेगाने आरपार जातात. फक्त ते रंगहीन आणि विद्युतरोधक आहे. द्विबंध सगळे जागेवर, पण पिळामुळे एकमेकांशी संबंध तुटलेले. विद्राव्यता आणि टिकाऊपणा मिळवताना काय मोजावे लागते, हे यात लख्ख दिसते.

मधली पायरी म्हणजे तुमचा प्रोपाइन. चिएन, व्नेक, काराझ आणि हिर्श यांनी १९८१ मध्ये ॲसिटिलीन-मेथिलॲसिटिलीन कोपॉलिमरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आयोडीन दिलेल्या शुद्ध पॉलिमेथिलॲसिटिलीनची वाहकता ०.००१ सीमेन्स/सेंमीच्या आसपास राहते, तर साध्या, न ताणलेल्या पॉलिॲसिटिलीनची दहांपासून शेकड्यांत. कोपॉलिमर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतात आणि मेथिल एकके वाढवत गेले की आकडा खाली सरकतो. फिनाइलॲसिटिलीनचे शुद्ध पॉलिमर त्याहूनही खाली.

ही घट फक्त पिळामुळे होत नाही. बाजूचे गट साखळ्यांना एकमेकींपासून दूर ढकलतात, त्यामुळे एका साखळीवरून दुसरीवर उडी मारणे अवघड होते. शिवाय स्फटिकता आणि तंतुमय रचना मोडते. मोजलेल्या वाहकतेत साखळीतल्या वहनापेक्षा या उड्यांचाच अडसर मोठा असतो, म्हणून थोड्या कोमोनोमरनेही, म्हणजे दुसऱ्या मोनोमरनेही, आकडा अपेक्षेपेक्षा जास्त पडतो.

एक साधे गणित जवळ ठेवा. यादृच्छिक (दुसरी एकके कशीही विखुरलेल्या) कोपॉलिमरात दुसऱ्या मोनोमरचा मोलप्रमाणातला वाटा १० टक्के असेल, तर सलग ॲसिटिलीन एककांची सरासरी लांबी १०. वाटा २ टक्के असेल तर ५०. बीटाकॅरोटिनमध्ये ११ द्विबंध सलग आहेत आणि ते नारिंगी दिसते. म्हणजे १० टक्क्यांना, दुवा (द्विबंधांचा आपसातला संबंध) पूर्ण तुटत असेल तर, तुम्ही पॉलिॲसिटिलीन सोडून गाजराच्या रंगद्रव्याच्या लांबीवर आलात. मेथिलने दुवा पूर्ण तुटत नाही, म्हणून तिथे परिस्थिती इतकी वाईट नाही. संतृप्त (द्विबंध नसलेल्या) एककाने मात्र पूर्ण तुटतो.

श्लेंकनळी

दुसऱ्या प्रश्नावर. आधी मूळ कृती पक्की करा, मग कोमोनोमर घाला.

शिराकावा पद्धतीचा उत्प्रेरक असा: टायटॅनियम टेट्राब्युटॉक्साइड १.७ मिली, म्हणजे ५ मिलिमोल. टोल्यूइन २० मिली. ट्रायइथाइल ॲल्युमिनियम २.७ मिली, म्हणजे २० मिलिमोल. ॲल्युमिनियम-टायटॅनियम प्रमाण ४. टायटॅनियमच्या द्रावणात ट्रायइथाइल ॲल्युमिनियम थेंबथेंब सोडा, खोलीच्या तापमानाला पाऊण तास मुरू द्या, मग उणे ७८ अंशांना नेऊन निर्वातात विरलेले वायू काढा. भांडे फिरवून भिंतींवर द्रावणाचा पातळ थर द्या आणि ॲसिटिलीन आत सोडा. फिल्म भिंतीवर काही सेकंदांत दिसू लागते. जाडी दाब आणि वेळ यांवर ठरते.

शुद्ध ट्रायइथाइल ॲल्युमिनियम हवेत आपोआप पेट घेते. ते हाताळायची सोय नसेल तर टोल्यूइनमधले २५ टक्के द्रावण घ्या. २० मिलिमोल म्हणजे २.२८ ग्रॅम, म्हणजे ९.१ ग्रॅम द्रावण. त्यात जवळपास ८ मिली टोल्यूइन आधीच आहे, म्हणून वरून १२ मिलीच घाला. हे न धरल्यास उत्प्रेरक पातळ होतो आणि फिल्मऐवजी गाळ किंवा जेल मिळतो. उत्प्रेरकाची दाटी हाच या पद्धतीचा प्राण आहे.

ॲसिटिलीनबद्दल, कारण गफलत इथेच जास्त होते:

सिलिंडरमध्ये ते ॲसिटोनमध्ये विरघळवलेले असते. ॲसिटोन उत्प्रेरक मारतो. आधी उणे ७८ अंशांचा सापळा, मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल, मग कोरड्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा किंवा मॉलेक्युलर सीव्हचा (ओलावा शोषणाऱ्या सच्छिद्र खड्यांचा) स्तंभ. सिलिंडर निम्म्याहून रिकामा झाला की ॲसिटोन जास्त येतो, तेव्हा बदला.

द्रव नायट्रोजनचा सापळा लावू नका. ॲसिटिलीन त्यात गोठून साठते आणि गरम होताना बंद भागात दाब चढतो. मुक्त ॲसिटिलीनचा दाब वातावरणाच्या वर आणखी एका वातावरणापर्यंत जाणे हीच धोक्याची सीमा. आपले काम तर वातावरणाच्या खालीच, ६०० मिमी पाऱ्याच्या आसपास चालते.

तांब्याची नळी, चांदीचे जोड आणि पाऱ्याचा दाबमापक किंवा बुडबुडापात्र वर्ज्य. तिन्ही धातूंचे ॲसिटिलाइड स्फोटक असतात. पोलादी नळी आणि यांत्रिक दाबमापक वापरा.

फिल्म झाली की थंडीतच टोल्यूइनने धुवा, धुवण निव्वळ रंगहीन होईपर्यंत. उत्प्रेरक उरलेली फिल्म हवेत काढली तर धुमसू शकते, आणि उरलेला टायटॅनियम पुढची सगळी मोजमापे बिघडवतो.

तापमानाचा परिणामही लक्षात ठेवा. सिस आणि ट्रान्स हे द्विबंधाभोवतीच्या मांडणीचे दोन प्रकार. उणे ७८ ला सिस सुमारे ९८ टक्के, १८ अंशांना साधारण ५९ टक्के, १५० अंशांना पूर्ण ट्रान्स. १५० ला टोल्यूइन चालत नाही, हेक्झाडेकेन घ्यावे लागते. सिस फिल्म तांबूस, ट्रान्स रुपेरी. दोन नमुन्यांची तुलना करायची तर सिसचे प्रमाण सारखे ठेवा, नाहीतर कोमोनोमरचा परिणाम समजून तुम्ही समघटकांचा परिणाम मोजत बसाल.

साखळीदुवा

फार उपयोगी. मग फिनाइलॲसिटिलीन उत्प्रेरकाबरोबरच मुरवून ठेवले तर? आणि प्रोपाइन सरळ ॲसिटिलीनमध्ये मिसळून, दोन्ही वायू एकाच बल्बमधून (वायू भरायच्या काचपात्रातून) सोडावेत का?

श्लेंकनळी

दोन्हीला नाही.

फिनाइलॲसिटिलीन मुरवताना घातले तर खोलीच्या तापमानालाच त्याचे तुकडे-साखळ्या आणि वर्तुळाकार त्रिलक, म्हणजे ट्रायफिनाइलबेन्झीन, होऊ लागतात. ॲसिटिलीन येईपर्यंत निम्मा माल संपलेला असतो. कॅल्शियम हायड्राइडवरून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करा, उणे ७८ ला गेल्यानंतर टोल्यूइनमध्ये विरघळवून घाला आणि लगेच ॲसिटिलीन सोडा. निव्वळ फिनाइलॲसिटिलीन उणे ४५ च्या सुमारास गोठते, म्हणून विरघळवून घालणे गरजेचे.

प्रमाण ठरवायला हे घ्या: १ लिटर बल्बमध्ये २५ अंशांना ६०० मिमी दाबाला ३२ मिलिमोल ॲसिटिलीन असते, म्हणजे ०.८४ ग्रॅम. त्यासोबत ०.३५ मिली फिनाइलॲसिटिलीन घातले तर ते ३.२ मिलिमोल, म्हणजे ॲसिटिलीनच्या मोलांच्या १० टक्के. साखळीत यातले १० टक्के जातीलच असे नाही. टायटॅनियमवर ॲसिटिलीन कितीतरी वेगाने जाते आणि फिनाइलॲसिटिलीन मागे रेंगाळते.

प्रोपाइनचा घोळ वेगळा. त्याचा उत्कलनबिंदू उणे २३ अंश. उणे ७८ ला ते वायूतून निघून टोल्यूइनच्या थरात साठते, आणि ॲसिटिलीन वायूतच राहते. बल्बमध्ये ९०:१० भरले तरी क्रियेच्या जागी प्रमाण वेगळेच असते आणि ॲसिटिलीन संपत जाते तसे ते सतत सरकते. भिंतीला चिकटलेला पहिला थर जवळपास शुद्ध पॉलिॲसिटिलीन, वरचा थर मेथिलने भरलेला, अशी फिल्म हाती येते. दोन वायू वेगवेगळ्या प्रवाहमापकांतून सतत सोडा, जास्तीचा वायू बाहेर जाऊ द्या आणि रूपांतर (मोनोमरचे पॉलिमर होणे) कमी असतानाच थांबा. शिवाय प्रोपाइन उणे ७८ च्या सापळ्यातून नेऊ नका, तिथेच अडकेल. त्याचे शुद्धीकरण वेगळ्या मार्गाने, सीव्हवरून.

आणि नायट्राइल, अल्कोहोल, अमाइन, कीटोन असलेला कोणताही मोनोमर या उत्प्रेरकाबरोबर घेऊ नका. ॲल्युमिनियम अल्किल त्याला आधी गिळते. ध्रुवीय मोनोमर हवाच असेल तर उत्प्रेरक बदला. लुटिंगर यांचा कोबाल्ट नायट्रेट आणि सोडियम बोरोहायड्राइडचा उत्प्रेरक इथेनॉलमध्येही चालतो. बदली ॲसिटिलिनांसाठी टंगस्टन आणि मॉलिब्डेनमचे क्लोराइड, फिनाइलॲसिटिलीनसाठी ऱ्होडियम.

वर्णपट

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. "कोपॉलिमर मिळाले" असे लिहिलेल्या कामांत बरेचदा दोन पॉलिमरांचे मिश्रण असते, हे मी ठामपणे म्हणेन.

पहिली चाचणी निष्कर्षणाची. पॉलिफिनाइलॲसिटिलीन आणि पॉलिमेथिलॲसिटिलीन टोल्यूइनमध्ये किंवा टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये उतरतात, पॉलिॲसिटिलीन उतरत नाही. आर्गॉनखाली सॉक्सलेटमध्ये (ताज्या द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणाऱ्या उपकरणात) रात्रभर ठेवा. विद्राव्य भाग हा बहुतांशी दुसऱ्या मोनोमरचे स्वतःचे पॉलिमर किंवा त्याने भरलेले तुकडे. धुतल्यानंतर मागे राहिलेल्या फिल्ममध्ये दुसरा मोनोमर किती, हाच खरा आकडा. निष्कर्षणाआधीचा आकडा छापू नका.

मूलद्रव्य विश्लेषणावर भिस्त ठेवू नका. शुद्ध पॉलिॲसिटिलीनमध्ये कार्बन ९२.२६ टक्के. प्रोपाइनचा मोलवाटा १० टक्के असेल तर ९१.९२. फरक ०.३४, आणि उपकरणाची नेहमीची चूकच ०.३ च्या आसपास. त्यात उत्प्रेरकाची राख आणि हवेतला ऑक्सिजन मिसळला की आकड्याला अर्थ उरत नाही.

अवरक्त वर्णपटात सिसची पट्टी प्रति सेंमी ७४० ला, ट्रान्सची १०१५ ला. सिसचा टक्का काढताना ७४० च्या शोषणाला १.३० ने गुणतात आणि त्या गुणाकाराला, तो गुणाकार अधिक १०१५ चे शोषण या बेरजेने भागतात. फिनाइलच्या पट्ट्या ७५५ आणि ६९० जवळ येतात, म्हणून ७५५ सिसवर चढते आणि सिस फुगून दिसते. फिनाइल मोजायला ६९० घ्या. मेथिलसाठी १३७५ जवळची पट्टी बरी.

सर्वांत बोलका पुरावा रामन वर्णपटाचा. लांब ट्रान्स साखळीच्या दोन जोरदार पट्ट्या १०७० आणि १४६० जवळ असतात. सलग लांबी घटली की वरची पट्टी १५०० कडे सरकते. नुसत्या मिश्रणात ती जागची हलत नाही, कारण पॉलिॲसिटिलीनचा भाग जसाच्या तसा असतो. खऱ्या यादृच्छिक कोपॉलिमरात ती सरकायलाच हवी. लेसरचा रंग बदलला की पट्टीची जागा बदलते, म्हणून सगळे नमुने एकाच लेसरवर घ्या आणि शक्ती कमी ठेवा, नाहीतर सिस तिथल्या तिथे ट्रान्स होते.

दुवाबंध

वरची चर्चा उत्तम आहे, पण यादृच्छिक कोपॉलिमर हा मुळात चुकीचा आराखडा आहे असे माझे मत. दुसरा मोनोमर ॲसिटिलीनच्या साखळीत पेरण्याऐवजी तिच्या टोकाला लावा, किंवा असा मोनोमर घ्या की जो काम झाल्यावर निघून जाईल.

टोकाला लावणे म्हणजे ठोकळा कोपॉलिमर. स्टायरीन किंवा आयसोप्रीनचे जिवंत (टोक पुढे वाढायला तयार असलेले) ॲनायनिक पॉलिमर करायचे, लिथियमच्या टोकावर टायटॅनियम ब्युटॉक्साइड सोडायचे आणि मग ॲसिटिलीन द्यायचे. अशा पद्धती १९८० च्या दशकात आल्या. पॉलिॲसिटिलीनचा ठोकळा अखंड राहतो, पॉलिस्टायरीन त्याला द्रावणात तरंगत ठेवते. अडचण ही की सगळी टोके टायटॅनियमला बांधली जात नाहीत. मोकळ्या टायटॅनियमवर साधे पॉलिॲसिटिलीन वाढते आणि काळा गाळ तळाला बसतो. तो अपकेंद्री यंत्रात काढूनच पुढे जा. आणि पॉलिॲसिटिलीनचा ठोकळा लांब झाला तर "द्रावण" म्हणजे खरे पाहता कलिल (न विरघळता तरंगणारे सूक्ष्म कण) असते. निळे-जांभळे स्वच्छ दिसले तरी गाळणीतून पाहा.

निघून जाणारा मोनोमर म्हणजे ड्यूरहॅम मार्ग. एडवर्ड्स आणि फीस्ट यांनी १९८० मध्ये हा मार्ग मांडला. फ्लोरीनयुक्त त्रिवर्तुळी मोनोमरचे टंगस्टन हेक्झाक्लोराइड आणि टेट्रामेथिलटिनने वर्तुळ उघडून पॉलिमर करायचे. हे पूर्वपॉलिमर ॲसिटोनमध्ये विरघळते, त्याची फिल्म ओतायची, मग हलके तापवायचे. बिस(ट्रायफ्लोरोमेथिल)बेन्झीन उडून जाते आणि पॉलिॲसिटिलीन राहते. रूपांतर होताना ताणले तर साखळ्या एका दिशेने लागतात आणि फिल्म तंतुमय न होता घट्ट होते. तोटा वजनाचा. पूर्वपॉलिमरच्या २६६ भागांतले २१४ निघून जातात, ८० टक्के. जाड फिल्म फुगते, तडकते. पातळच ओता. पूर्वपॉलिमर खोलीच्या तापमानालाही हळूहळू रूपांतरित होत राहते, म्हणून थंडीत ठेवा.

याच जातीचा सोपा प्रकार फिनाइल व्हिनाइल सल्फॉक्साइडचा: स्टायरीनबरोबर ॲनायनिक ठोकळा करायचा, १५० अंशांच्या आसपास तापवला की सल्फेनिक आम्ल सुटते आणि द्विबंध उरतात. ॲसिटिलीन वायू अजिबात हाताळावा लागत नाही. फक्त प्रत्येक एककातून निघणे पूर्ण होत नाही आणि उरलेले एकक संतृप्त अडथळा बनते.

आणि सायक्लोऑक्टाटेट्राईन. ग्रब्स यांच्या गटाने दाखवले, की एकच गट लावलेल्या या वर्तुळाचे पॉलिमर केले तर दर आठ कार्बनांमागे एकच बाजूचा गट येतो. दुय्यम कार्बनाने जोडलेला गट, समजा आयसोप्रोपिल किंवा सेकंडरी ब्युटिल, साखळीला किंचितच पिळतो, तेवढ्यावर ती विरघळते आणि रंग गडद निळा-जांभळाच राहतो. टर्शरी ब्युटिलने मात्र पीळ जास्त आणि रंग पिवळ्या-नारिंगीकडे जातो. सरळ ब्युटिल पुरेसे विद्राव्य करत नाही. जागा आणि आकार यांचा इतका बारीक तोल मला दुसऱ्या कोणत्याही मालिकेत दिसत नाही. सायक्लोऑक्टाडाईनबरोबर कोपॉलिमरही होते, पण डाईनमधून दोन सीएच२ एककांची जोडी येते आणि दुवा तुटतो. या क्रियेत साखळी स्वतःलाच चावून बेन्झीन सोडते, म्हणून मोनोमर दाट ठेवा आणि वेळ लांबवू नका.

पायमेघ

दुवाबंध यांच्या मताला बहुतांशी होकार. पण उद्देश केवळ वाहकता नसेल, तर यादृच्छिक कोपॉलिमर टाकून देऊ नका. लवचीक फिल्म हवी असेल, शोषणपट्टी हवी तिथे आणायची असेल, तर ५ टक्क्यांच्या आतला मेथिल कोमोनोमर साधे साधन आहे. हवेतल्या टिकाऊपणाची अपेक्षा मात्र धरू नका. दोन बदली एककांमधला सलग ट्रान्स तुकडा ऑक्सिजनला तितकाच उघडा राहतो. ऑक्सिजन आधी डोपंट म्हणून वागतो, वाहकता थोडी चढते, आणि त्यानंतर कार्बोनिल तयार होऊन साखळी कायमची तुटते. सुरुवातीची ती चढण पाहून "सुधारणा" असा निष्कर्ष काढू नये.

वर्णपट

डोपिंग आणि मोजणीबद्दल राहिलेले.

आयोडीनची वाफ खोलीच्या तापमानाला द्या, निर्वात केलेल्या भांड्यात. दर सीएच (एक कार्बन, एक हायड्रोजन) मागे ०.२ आयोडीन बसले तर १०० मिग्रॅ फिल्मचे २९५ मिग्रॅ होतात. कोपॉलिमरात हे वजन फसवे असते: काही आयोडीन नुसते चिकटते, काही द्विबंधावर कायमचे बसते. वजन स्थिर होईपर्यंत निर्वात लावा आणि मगच प्रमाण लिहा.

वाहकता चार टोकांनी मोजा. टोके प्लॅटिनमची किंवा ग्रॅफाइट लेपाची. चांदीचा लेप, तांबे, ॲल्युमिनियम यांना आयोडीन खातो आणि संपर्कातला रोध तुम्ही फिल्मचा समजता. पातळ आणि रुंद फिल्मसाठी पृष्ठरोध म्हणजे विभव भागिले प्रवाह, गुणिले ४.५३. त्याला जाडीने गुणून उलटवा.

जाडी हाच सापळा आहे. शिराकावा फिल्म सुमारे २० नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची जाळी असते, तिची घनता ०.४ ग्रॅम/घसेंमी, तर तंतूंची स्वतःची सुमारे १.२. म्हणजे दोन तृतीयांश पोकळी. कोमोनोमरने जाळी बुजून फिल्म घट्ट झाली तर त्याच जाडीत तिप्पट पदार्थ असतो. वाहकता तशीच राहिलेली दिसली तरी पदार्थाच्या हिशेबात ती घसरलेली असते. प्रत्येक नमुन्याची घनता शेजारी लिहा.

साखळीदुवा

सर्वांचे आभार. आता आराखडा असा: आधी शुद्ध पॉलिॲसिटिलीन, मग प्रोपाइन १, २ आणि ५ टक्के, सतत प्रवाहाने, कमी रूपांतराला थांबून. निष्कर्षण, एकाच लेसरवर रामन, घनतेसह वाहकता. समांतर स्टायरीनचा सल्फॉक्साइड ठोकळा. फिनाइलॲसिटिलीन सोडून देतो.

श्लेंकनळी

आराखडा चांगला आहे, एक भर. १ आणि २ टक्क्यांमधला फरक अवरक्त वर्णपटात दिसणार नाही, म्हणून १, ५, १५ घ्या. रामन पट्टीचा सरकाव स्पष्ट मिळेल आणि १५ वर काय बिघडते तेही कळेल.

उरलेला उत्प्रेरक संपवताना: भांडे बर्फात, आर्गॉन चालू, वायूला बाहेर जायची वाट उघडी. आधी टोल्यूइनने पातळ करा, मग टोल्यूइनमध्ये मिसळलेला आयसोप्रोपेनॉल थेंबथेंब, इथेनचे बुडबुडे थांबेपर्यंत. त्यानंतर मिथेनॉल, आणि सर्वांत शेवटी पाणी. ॲसिटिलीन ओळ आधी आर्गॉनने धुऊन घ्या, हे सगळे त्यानंतर.